हेलसिंकी ते टोकियो : नकाशावरची रेघ आणि आकाशातली वाट

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची टोकियो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ही दोन शहरं जोडली, तर रेघ कझाकस्तान, मंगोलियावरून खाली उतरते. हाच सर्वांत जवळचा रस्ता, असं बहुतेकांना वाटतं. पण या रेघेवरून उडालं तर सुमारे ८,८०० किलोमीटर पडतात. खरं किमान अंतर आहे ७,८०० किलोमीटरच्या आसपास, आणि ती वाट आधी ईशान्येला चढते, उत्तर ध्रुववृत्त ओलांडते, मग सायबेरियावरून टोकियोकडे उतरते. शाळेतल्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना ध्रुवांकडचा प्रदेश ताणला जातो, म्हणून जवळची वाट नकाशावर वळशाची दिसते.

अंतर कळलं की वेळही कळली, हा दुसरा समज. २०२२च्या सुरुवातीपर्यंत हा प्रवास साधारण साडेनऊ तासांचा होता. रशियाच्या युक्रेनवरच्या आक्रमणानंतर युरोपीय देशांनी रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियानेही तेच केलं, आणि तोच प्रवास जवळजवळ तेरा तासांवर गेला. आता विमानं एकतर तुर्कस्तान, कॅस्पियन समुद्र, मध्य आशिया, चीन अशी दक्षिणेकडून जातात, नाहीतर उत्तर ध्रुवाजवळून अलास्काच्या बाजूला उतरून पॅसिफिकवरून. शहरं जागच्या जागी आहेत. पण प्रवाशाचे साडेतीन तास आणि त्या वेळात जळणारं टनावारी इंधन देशादेशांमधल्या संबंधांवर ठरतं. नकाशा बघताना आपण हे फार सहज विसरतो.

ध्रुवावरून जाणं ही नवी गोष्ट आहे, असंही नाही. १९५७ साली स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगनहून अलास्कातल्या अँकरेजमार्गे टोकियोची सेवा सुरू केली होती. १९८३ मध्ये फिनलंडच्या फिनएअर कंपनीचं डीसी-१० विमान सोव्हिएत हद्द टाळत, ध्रुवावरून, कुठेही न थांबता हेलसिंकीहून टोकियोला जाऊ लागलं. तेव्हाही सुमारे तेरा तासच लागत.

ध्रुवावर इंधन गोठतं, होकायंत्र बिघडतं, ही भीती मात्र निराधार नाही. विमानाच्या जेट ए-१ इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश सेल्सिअस आहे आणि विमान उडतं त्या उंचीवरची हवा त्याहून थंड असू शकते. म्हणून वैमानिक टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवतात. ते फार उतरू लागलं, तर विमान खालच्या, उबदार थरात आणतात किंवा वेग वाढवतात. चुंबकीय सुई तिथे खरोखरच भरवशाची नसते, पण आजची विमानं तिच्यावर विसंबून नसतात. त्यांची दिशा जडत्वावर चालणारी यंत्रणा आणि उपग्रह दाखवतात.

आणखी एक समज : पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला मुक्काम लवकर गाठता यायला हवा. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्याने. जपानच्या वर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान जेट प्रवाह असतो. दक्षिणेकडच्या वाटेने टोकियोकडे जाताना तो पाठीशी, त्याच वाटेने परतताना तोंडावर. त्यामुळे त्या दिवसाचा वारा बघूनच मार्ग आखला जातो.

तिकिटावरच्या वेळांची वजाबाकीही फसवी असते. हिवाळ्यात टोकियोचं घड्याळ हेलसिंकीच्या सात तास पुढे असतं, उन्हाळ्यात सहा. हिवाळ्यात तेरा तासांचा प्रवास करून जाताना तिकिटावर वीस तास दिसतील, आणि तेवढाच वेळ लागून परत येताना फक्त सहा.