काटा लाल घरात गेला तेव्हा

एक साठ मिनिटांची कॅसेट माझ्याकडे जवळजवळ चाळीस वर्षं पडून होती. बदल्या होत गेल्या तशी ती एका ट्रंकेतून दुसऱ्या ट्रंकेत गेली. वर माझ्याच अक्षरात ‘काकू, जात्यावर, १९८६’ एवढंच लिहिलेलं. वाजवायला यंत्र उरलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती. ते रेकॉर्डिंग मी स्वतःच्या हाताने बिघडवलं होतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्या वर्षी माझी बदली राणीसावरगावला झाली होती. परभणी जिल्हा, गंगाखेड तालुका, रेणुकादेवीचं गाव. माझ्या घरमालकीणबाईंना सगळं गाव काकू म्हणे, म्हणून मीही काकूच म्हणू लागलो. गावात गिरणी होती, पण वीज कधी असे, कधी नसे. शिवाय तूर भरडायला आणि लग्नातली हळद दळायला काकूंना जातंच लागे. भल्या पहाटे भिंतीपलीकडे घरघर सुरू व्हायची आणि तिच्यावर ओवी. गंगाखेड हे जनाबाईचं गाव. तिला दळू लागायला विठ्ठल आला, ही कथा तिकडच्या बायका शेजारच्या वाड्यात घडल्यासारखी सांगतात.

माझ्या भावाने मस्कतहून एक टेपरेकॉर्डर आणला होता. आवाजाबरोबर हलणारा काटा आणि त्याच्या टोकाला लाल घर. एके पहाटे मी तो घेऊन काकूंच्या ओसरीवर गेलो. “ह्ये काय करायलाव साहेब? मी काय लताबाई हाय का?” असं म्हणून त्या हसल्या आणि दळायला बसल्या. काकूंचा आवाज मऊ, जातं दांडगं. मी बटण पार वर नेलं. ओवीच्या शेवटच्या चरणाला त्यांनी सूर उचलला की काटा लाल घरात जाऊन आपटायचा. मला वाटलं, छान, भरपूर आवाज येतोय! रात्री ऐकलं तेव्हा प्रत्येक ओवीचं शेवटचं टोक फाटलेलं होतं. दुसऱ्या दिवशी घाबरून दुसरी बाजू इतक्या खालच्या आवाजात भरली की काकूंपेक्षा टेपची खसखसच जास्त.

काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा नातू पुण्यात गाण्यांचं मिक्सिंग करतो. गेल्या वर्षी एका लग्नात भेटला, कॅसेटचं ऐकलं आणि पुढच्याच रविवारी जुना प्लेअर पैदा करून दारात हजर. म्हणाला, “काका, आजीचा आवाज घरात कुणाकडंच नाही.” फोटो होता, आवाज नव्हता.

दोन दिवस मी त्याच्या शेजारी बसलो. आवाज कानापर्यंत येईतो किती चौक्यांवरून जातो, ते तेव्हा कळलं. प्लेअरचं बटण, संगणकात आवाज शिरतो तिथलं बटण, पडद्यावरची सरकपट्टी आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एक. प्रत्येक ठिकाणी आवाज बेताचा ठेवायचा. इतका कमी नाही की यंत्राच्या खरखरीत बुडेल, इतका जास्त नाही की वरच्या छताला आपटेल. याला ते लोक गेन स्टेजिंग म्हणतात. मला बँकेचं काउंटर आठवलं. व्हाउचरवर रक्कम चुकली की ती चूक डे-बुकात, लेजरात, ताळेबंदात मोठ्या इमानाने पोचते. शेवटच्या खुर्चीवरचा माणूस कितीही हुशार असला तरी पहिल्या खिडकीवरची चूक त्याला दिसते, पुसता येत नाही.

संगणकावर आवाजाचं सर्वांत वरचं टोक म्हणजे शून्य. बाकी सगळं उण्यात मोजायचं. हयातभर ज्याने उणे म्हणजे कर्ज असं मानलं, त्याला हे पचायला वेळ लागतो. सहा डेसिबल खाली आलं की लहरीची उंची निम्मी होते. नातू काकूंचा आवाज त्या छतापासून चांगला बारा डेसिबल खाली ठेवत होता. का, विचारलं तर म्हणाला, “पुढं काय येणाराय ते माहीत नसतं ना.” टेपवर आवाज जास्त झाला तर आधी जरा जाड होतो, मग फाटतो. डिजिटलमध्ये तो शून्यापाशी कात्रीने कापल्यासारखा सपाट होतो, आणि कापलेलं टोक परत येत नाही.

पूर्वी बटणंच नव्हती. १९०२ साली गाइसबर्ग कलकत्त्याला येऊन गौहरजानच्या तबकड्या भरून गेला, तेव्हा कर्ण्यात तोंड घालून गावं लागे. सूर चढला की गाणाऱ्याने मागे सरायचं. विजेवर चालणारा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला तो १९२५च्या सुमारास. माझ्यापुढे बटण होतं आणि काटाही होता. मीच त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या बाजूला मात्र मला आशा होती. आवाज लहान आहे ना, मग मोठा करू! त्यासाठी नॉर्मलायझेशन नावाची सोय असते. सगळ्यात उंच टोक शोधायचं, ते छताजवळ न्यायचं आणि बाकी सगळं त्याच प्रमाणात वर उचलायचं. नातवाने कळ दाबली. काहीच झालं नाही. काकू होत्या तितक्याच लांब राहिल्या.

कारण पडद्यावर दिसलं. बाराव्या मिनिटाला सुळक्यासारखी एक रेघ होती. काकूंच्या ओसरीवर पितळी तांब्या पडला होता, ठण्णकन. तो एक क्षण आधीच छताला टेकलेला, म्हणून बाकीचं सगळं खालीच. गावच्या पाणीपट्टीची सरासरी काढताना एखादा कारखानदार मध्ये यावा, तसं. माणसाचा कान टोकावरून आवाज जोखत नाही, एकंदर भरणीवरून जोखतो. म्हणून २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने भरणी मोजण्याची पद्धत ठरवली आणि युरोपच्या नभोवाणीवाल्यांनी २०१०मध्ये त्यावर उणे तेवीसचं माप घातलं. इंटरनेटवर गाणी ऐकवणारेही आता आपापल्या मापाने फार मोठी गाणी खाली आणतात. नुसत्या ओरडण्याने गाणं पुढे काढायचा फायदा त्यामुळे बराच गेला. आमच्याकडच्या वरातींना ही बातमी अजून पोचलेली नाही.

नातू म्हणाला, “तांब्याचा तुकडा कापून टाकू.” मी म्हटलं, आधी ऐकू तर. ठण्ण झालं. जातं थांबलं. मग काकूंचा आवाज, अगदी जवळून, “आरं लेकरा, भाजलं का रं? च्या व्हता त्यात?” आणि एक बारकं रडणं.

तो बराच वेळ गप्प होता. १९८६मध्ये त्या घरात रांगणारं लेकरू एकच होतं.

तांब्या कापला नाही. तेवढा एक क्षण त्याने हाताने खाली आणला, घरात तांब्या पडावा इतकाच मोठा ठेवला, मग बाकीचं हळूहळू उचललं. आवाजाबरोबर खसखसही उठली, ती उठणारच. त्याने ती थोडी चाळली. जास्त चाळायला गेला तर काकूंचा श्वासच जाऊ लागला, म्हणून थांबला. पहिल्या बाजूची फाटलेली टोकं तशीच राहिली. ती दुरुस्त केल्याचा देखावा करणारी साधनं आहेत म्हणे; वापरून पाहिली, पण त्यातून येणारा सूर काकूंचा नव्हता. खाली हार्मोनियम-पखवाज भरून नवरात्रात गावात लावावं, असंही त्याच्या मनात होतं. यावर आमचा चांगलाच वाद झाला. जातं हाच तिचा ठेका, असं माझं म्हणणं. शेवटी जातंच राहिलं.

पुण्यात गी पॉइटव्हिन आणि हेमा राइरकर यांनी याच काळात गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या होत्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या, आणि २०१७पासून त्या ‘पारी’मार्फत कुणालाही ऐकता येतात. त्यांच्या हाती जे पडलं त्यापुढे माझी एक कॅसेट काय. पण त्या संग्रहात काकू नाहीत.

नातवाने ते रेकॉर्डिंग गावी आईला पाठवलं. रात्री तिचा मला फोन आला. काकूंची ती सून, चाळीस वर्षांपूर्वी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी. म्हणाली, “भाऊजी, सासूबाईंचा आवाज एवढा मोठा नव्हता बरं का. जरा बारीक करा म्हनाव त्याला.”

मी नातवाला सांगितलं. त्याने तीन डेसिबल उतरवले.