कांद्याचा लिलाव आणि कॅम्पस इंटरव्ह्यू 🧅💻

लासलगावातून चांदवड, नाशिक, पुण्याला इंजिनिअरिंगला गेलेल्या पोरापोरींनो, ही पोस्ट तुमच्यासाठी!

सॉफ्टवेअर इंटर्नशिपची कॅम्पस निवड साधारण अशी होते:

१) ऑनलाइन टेस्ट: ॲप्टिट्यूड आणि कोडिंग. खरी चाळणी इथेच लागते.
२) टेक्निकल राउंड: डेटा स्ट्रक्चर, डीबीएमएस आणि तुमचा प्रोजेक्ट.
३) एचआर राउंड: बोलणं, वागणं, शिकायची तयारी.

टेक्निकलचा एक नेहमीचा प्रश्न आपल्या मार्केट यार्डात नेऊन बघू. ट्रॉल्यांचे भाव पुकारले जातायत: १८००, २१००, १९५०, २१००. दुसरा सर्वांत मोठा भाव कोणता?

बरेच जण आधी सगळे भाव क्रमाने लावतात. गरज नाही. ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ असे दोनच आकडे लक्षात ठेवा. नवा भाव पहिल्याहून मोठा असला, की जुना पहिला दुसऱ्याच्या जागी सरकतो. दोघांच्या मधला असला, तर फक्त दुसरा बदलतो. एकाच फेरीत उत्तर: १९५०. म्हणजे ओ ऑफ एन!

आता मेख. २१०० दोनदा आलाय, तो एकदाच धरायचा का? कोड लिहिण्याआधी हे समोरच्याला विचारा. असा प्रश्न विचारणारा उमेदवार उठून दिसतो.

आणि गप्प बसून कोड लिहू नका. डोक्यात चाललंय ते बोलत राहा. पुकारा मनातल्या मनात केला तर ट्रॉली विकली जाईल का? 😄

#लासलगाव #कॅम्पसइंटरव्ह्यू #इंटर्नशिप