जुन्या गाडीची निगा – लेखांक ९ : हँडब्रेकचं दुखणं ड्रममध्ये

हँडब्रेक ढिला झाला की बहुतेक गॅरेजांत एकच उपाय होतो. दोन सीटांमधलं कव्हर काढायचं आणि केबलचा नट आवळायचा. पाच मिनिटांत लिव्हर घट्ट, गिऱ्हाईक खूश. ही सवय मोडायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरणाला मारुती ८०० घेऊ. १९८३च्या डिसेंबरात पहिली गाडी रस्त्यावर आली, २०१४च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. म्हणजे शेवटची ८००सुद्धा आता जुनीच. लिव्हर ओढला की केबल मागच्या ड्रममधली पट्टी खेचते, पट्टी दोन्ही ब्रेक शू फाकवते आणि शूवरचं लायनर ड्रमला आतून घट्ट धरतं. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, हा निव्वळ तारेवर. ऐन घाटात ब्रेक ऑइल गळून गेलं, तर हाताशी उरतो तो हाच.

लायनर झिजलं की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. ते भरून काढायचं काम ड्रममधल्या अ‍ॅडजस्टरचं. तो गंजून अडकला, की लिव्हर फार वर येऊ लागतो. अशा वेळी केबलच आवळली तर शू कायम थोडे फाकलेले राहतात, अ‍ॅडजस्टरला हलायला वाव उरत नाही, गाडी जड चालते, ड्रम तापतो. मूळ दुखणं तसंच.

म्हणून सुरुवात मागून करावी. सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावा, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर विसंबून काम करू नका. हँडब्रेक सोडा, केबलचा नट पूर्ण ढिला करा, मग ड्रम काढा. आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसांना घातक. ओल्या फडक्याने पुसा. लायनर तेलकट दिसलं तर व्हील सिलिंडर गळतोय. तेल मुरलेलं लायनर धुऊन भागत नाही. गळती थांबवून दोन्ही चाकांचे शू बदलावे लागतात.

अ‍ॅडजस्टर साफ करून मोकळा केला, ड्रम बसवला, शूचं अंतर जुळवलं, की मगच केबलकडे वळा. लिव्हरने साधारण पाच-सात ‘टिकटिक’मध्ये दोन्ही चाकं एकदमच धरली पाहिजेत आणि सोडल्यावर ती हाताने सहज फिरली पाहिजेत. एक चाक मागे राहिलं, तर बहुधा त्या बाजूची केबल आवरणात गंजली आहे. तिच्यात तेल सोडून चार दिवस निघतील, बदलणंच बरं.

कोकणातल्या वाचकांसाठी आणखी एक. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओलाव्याने शू ड्रमला धरून बसतात. सपाट जागा बघून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा.

पुढच्या आठवड्यात व्हील सिलिंडरची गळती आणि रबर किट बदलणं.