विजयानंतरचे पहिले मागणे

आज विजयादशमी. दारोदारी झेंडूची तोरणे लागली आहेत, घट उठले आहेत आणि पाटीवर काढलेल्या सरस्वतीपुढे मुलांची वह्या-पुस्तके पूजेला बसली आहेत. खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपल्याकडे ज्याच्या त्याच्या हत्यारांची पूजा होते. सुताराचा रंधा, लोहाराची ऐरण, गवंड्याची थापी, शिंप्याचे यंत्र, एस. टी.ची गाडी, कारखान्यातील प्रचंड यंत्रे, सर्वांना या दिवशी गंधफूल मिळते. ज्यांच्या बळावर आपला प्रपंच चालतो त्यांच्यापुढे वर्षातून एकदा तरी मस्तक नमवावे, ही भावना मोठी सुंदर आहे. परंतु हत्याराला गंध लावताना, ते वर्षभर ज्या हाताने धरले त्या हाताची आठवण आपण किती ठेवतो? ज्यांच्या हाताखाली चार माणसे राबतात, मग तो कारखानदार असो, कचेरीतील साहेब असो, शेताचा धनी असो की घरची गृहिणी, त्या प्रत्येकाने आज हा प्रश्न स्वतःस विचारावा असे आम्हांस वाटते. उत्तरासाठी दूर जावयास नको. ज्या विजयाचा हा उत्सव, त्या विजयाच्या कथेतच ते सापडते.

वानरांसाठी वर

वाल्मीकींच्या युद्धकांडात रावणवधानंतरचा एक प्रसंग आहे. कीर्तनांतून व रामलीलेतून तो फारसा येत नाही. रावण पडला, बिभीषणाला लंकेचे राज्य मिळाले, सीतामाई अग्निदिव्यातून शुद्ध ठरल्या. त्या वेळी सर्व देव तेथे जमले होते. इंद्र श्रीरामांस म्हणाला, आमचे दर्शन व्यर्थ जाऊ नये. मनात असेल ते मागून घ्या. चौदा वर्षे वनवास भोगलेला, पत्नीविरहाने पोळलेला तो राजपुत्र त्या क्षणी काय मागू शकला नसता? राज्य, ऐश्वर्य, दीर्घायुष्य, सारे त्याच्यासमोर हात जोडून उभे होते. श्रीरामांनी मागितले ते एवढेच, की माझ्यासाठी लढता लढता जे वानर, जी अस्वले यमसदनास गेली, बायकामुलांना दुरावली, ती सर्व पुन्हा उठावीत. त्यांच्या अंगी वेदना वा व्रण राहू नये. आणि ती जेथे जेथे राहतील तेथे अकाली सुद्धा फुलेफळे व कंदमुळे मिळावीत, नद्यांना निर्मळ पाणी असावे. इंद्राने तथास्तु म्हटले आणि रणभूमीवर पडलेले वानर झोपेतून जागे व्हावे तसे उठून बसले.

या मागण्यातील दुसरा भाग आम्हांस विशेष मननीय वाटतो. श्रीरामांनी देवांपाशी वानरांसाठी सोनेनाणे मागितले नाही. झाडांवर राहणाऱ्या, फळांवर जगणाऱ्या त्या जिवांना नित्य कशाची गरज पडते, हे त्यांनी जाणले होते. देणारा आपल्या ऐपतीप्रमाणे देतो, ती उदारता. घेणाऱ्याची गरज ओळखून देतो, ती करुणा. पुढे अयोध्येस निघण्यापूर्वी बिभीषणास सांगून त्यांनी वानरांचा रत्ने व धन देऊन सत्कारही करविला. मात्र देवांपाशी मागितले ते वानरांचे प्राण आणि त्यांचे रोजचे अन्नपाणी.

भर रणात थांबलेला रथ

काम फत्ते झाल्यावर सोबत्यांची आठवण ठेवणे कठीण, आणि काम अंगावर येऊन पडलेले असताना त्यांचा थकवा ओळखणे त्याहून कठीण. त्याचा दाखला महाभारताच्या द्रोणपर्वात मिळतो. युद्धाचा चौदावा दिवस. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. सूर्य कलू लागलेला, जयद्रथ अजून दूर. एकेक पळ मोलाचे! अशा वेळी रथाचे घोडे बाणांनी विंधले गेले आहेत, दमले आहेत, हे अर्जुनाच्या ध्यानात आले. त्याने श्रीकृष्णाचा सल्ला विचारला. भगवंताच्या मनातही तेच होते. शत्रूच्या गराड्यात रथ थांबला. अर्जुन खाली उतरून पायी लढू लागला. घोड्यांना पाणी हवे, तेव्हा त्याने बाणाने भूमी भेदून सरोवर निर्माण केले. श्रीकृष्णांनी घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण स्वतःच्या हाताने उपटले, त्यांना न्हाऊ घातले, अंग चोळले, पाणी पाजले, चारा दिला आणि मगच पुन्हा जुंपले.

घाईचे निमित्त सांगून माणसाला राबविणाऱ्या प्रत्येकाने ही कथा वाचावी. अर्जुनापेक्षा अधिक घाई कोणाला होती? त्या विश्रांतीने काम बुडाले नाही. ताज्या झालेल्या घोड्यांनी रथ वेगाने नेला आणि प्रतिज्ञा पुरी झाली. दया म्हणजे ढिलाई नव्हे, हेही यातून दिसते. घोडे पुन्हा जुंपले गेले, पण आधी त्यांच्या अंगातील बाण निघाले होते.

खंडोबाचा वार

पुराणातील ही गोष्ट आपल्या मुंबईने एकदा फार उशिरा ऐकली. एकोणिसाव्या शतकात येथील कापड गिरण्यांत कामगारांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. यंत्राला तेल मिळे, माणसाला विसावा मिळत नसे. स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम करून ती दशा डोळ्यांनी पाहिलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले. रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत वेतन, एवढ्याच त्यांतील प्रमुख मागण्या. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असा दाखला त्यांनी दिल्याचे सांगतात. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करीत असतानाच लोखंड्यांना मरण आले. गिरणगावचे भोंगे आज थांबले आहेत. परंतु रविवारी आपण निवांतपणे देवपूजा करतो, तेव्हा त्या निवांतपणामागे ही सहा वर्षांची झुंज आहे, याचे स्मरण असू द्यावे.

आपल्या उंबरठ्याशी

कारखाने व कचेऱ्या यांच्याविषयी बोलणे सोपे आहे. आता जरा आपल्याच स्वयंपाकघरात डोकावू. सणाचा दिवस आपल्याला आनंदाचा. घरकामाला येणाऱ्या बाईला मात्र तो वर्षातील सर्वांत जड दिवस असतो. तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून लखलखीत करायची, श्रीखंड-पुरीच्या पंगतीची खरकटी आवरायची, आणि तेही चार घरची. तिच्याही उंबरठ्याला तोरण बांधायचे असते, तिचीही मुले वाट पाहत असतात, हे आपल्या ध्यानी किती वेळा येते? सणाची बक्षिसी सण उलटल्यावर न देता चार दिवस आधी हाती ठेवली, तर तिच्या घरी गोडधोड वेळेवर शिजते. उरलेसुरले न देता पंगतीच्या आधी तिचा वाटा काढला, तर तो खरा प्रसाद होतो. ‘उद्या तुम्हांला किती वाजता घरी पोहोचायचे आहे?’ हा एक प्रश्न विचारावयास कवडीचाही खर्च नाही. तिचे उत्तर ऐकून आपली चार भांडी आपण घासली, तर रथ थोडा वेळ थांबविल्याचे पुण्य घरबसल्या लाभेल.

आज सायंकाळी आपण सोने लुटू. धाकट्यांनी थोरांना आपट्याचे पान द्यावे आणि आशीर्वाद घ्यावा, अशी आपली रीत. ती चालू राहो. परंतु त्याआधी पहिले पान घेऊन धन्याने आपल्या गड्याकडे, साहेबाने शिपायाकडे, गृहिणीने मोलकरणीकडे स्वतः चालत जावे आणि ते तिच्या वा त्याच्या हाती ठेवून, तुमच्यामुळे आमचे वर्ष नीट गेले, असे म्हणावे. श्रीरामांनी विजयानंतर पहिले मागणे सोबत्यांसाठी मागितले. आपले पहिले सोनेही त्यांनाच मिळो.