कपाळावरची बॅटरी

दुकानात आलेलं गिऱ्हाईक हेडलॅम्प हातात घेतला की आधी छताकडं मारतं, मग रस्त्यापलीकडच्या भिंतीवर, आणि हमखास विचारतं, "ह्याच्यापेक्षा जोरात हाय का?" कराडात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मोटार रिवाइंडिंग, स्टार्टर, केबल आणि अलीकडं डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या. पाटण, मसूर, उंब्रज, शिराळा, वाळवा, सगळ्या बाजूंनी लोक येतात. उसाला पाणी पाजणारे, टोळीतले ऊसतोड कामगार, सर्पमित्र, गडावर निघालेली कॉलेजची पोरं, पहाटे पळणारे डॉक्टर-वकील. कामं वेगवेगळी, प्रश्न एकच. माझं उत्तरही ठरलेलं: "जोरात हाय, पण तुम्हाला नको."

हेडलॅम्प म्हटलं की लोकांना ट्रेकिंगवाले आठवतात. आमच्या सातारा-सांगलीत रात्री सगळ्यात जास्त चालतो तो शेतकरी. शेतीपंपाला थ्री फेज लाईट पाळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की लवकर जेवून पडायचं आणि मध्यरात्री उठून रानात जायचं. मोटार ऑटोवर आपोआप सुरू होते, पण दारं आपोआप मोडत नाहीत. सरी भरली की तिचं तोंड बुजवून पुढचीचं उघडायला माणूसच लागतो. ठिबकवाल्यांची यातून बरीच सुटका झाली, पण पाटानं पाणी देणारे अजून पुष्कळ आहेत. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात काठी. मग बॅटरी धरायची कुठं? आमच्या वडिलांच्या पिढीनं ती काखेत धरली, खांद्या-मानेच्या बेचक्यात धरली, नाहीतर सरळ दातात. कपाळावरच्या दिव्यानं ही अडचण संपवली. कोयनेच्या पाण्यावर १,९६० मेगावॅट वीज तयार करायची व्यवस्था उभी आहे आणि त्याच खोऱ्यातला माणूस दारं धरायला दिवा डोक्याला बांधून निघतो, हे मला रोज दुकानात बसून बघायला मिळतं.

आता या "जोरात"कडं वळू. जुन्या बॅटरीत तारेचा बल्ब असायचा. तार तापून उजेड पडायचा, म्हणजे सेलमधली बहुतेक ताकद उष्णतेतच जायची. एलईडीत तापायची तारच नाही. आत एक बारीक निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या रसायनाचा थर. निळा आणि पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा दिसतो. ही निळी चिप जमवायला शास्त्रज्ञांना फार झगडावं लागलं. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दोनशे रुपयांच्या बॅटरीतसुद्धा त्या नोबेलचा तुकडा आहे म्हणायला हरकत नाही.

स्वस्त मालात पिवळा थर पातळ, म्हणून उजेड निळसर पडतो. बघणाऱ्याला तो जास्त प्रखर वाटतो आणि तिथंच फसगत होते. निळसर उजेडात तांबडे-तपकिरी रंग मरतात. वाळलेलं पाचट, ओली माती, त्यात पडलेली घोणस, सगळं एकसारखं राखाडी दिसायला लागतं. थोडा पिवळसर उजेड घेतला तर पाचटाचा रंग आणि घोणशीच्या अंगावरचे ठिपके वेगळे पडतात. खोक्यावर ४००० ते ५००० केल्विन असा आकडा असेल तर तो दिवा घ्यावा. ६५०० किंवा त्याच्या वर असेल तर तो दुकानाच्या पाटीला बरा. आकडाच नसेल तर दिवा तळहातावर मारून बघा. हात मेलेल्या माणसाचा वाटला तर ठेवून द्या.

उजेड मोजतात ल्युमेनमध्ये. घरातला जुना साठ वॅटचा बल्ब सातशे-आठशे ल्युमेन द्यायचा, पण तो सगळीकडं पसरायचा. रानातून किंवा पायवाटेनं चालायला पन्नास ते शंभर ल्युमेन पुरतात. उतारावर पळायचं असेल तर दोनशे-तीनशे लागतात. आणि हा हिशेब सरळ नाही. दुप्पट लांब बघायचं तर चौपट उजेड लागतो. म्हणजे शंभरच्या जागी चारशे ल्युमेन घेतले, चौपट बॅटरी जाळली, तरी नजर दुप्पटच लांब गेली. शिवाय डोक्यावर प्रखर झोत असला की डोळे त्याला सरावतात आणि झोताच्या बाहेरचं सगळं ठार काळं होतं. डोळ्यांना पुन्हा अंधार सवयीचा व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. उसाच्या कडेला उभं राहून बाजूचं काहीच न दिसणं हे मला मंद दिव्यापेक्षा धोक्याचं वाटतं.

खोक्यावर '१५० मीटर' लिहिलेलं असतं त्याचा अर्थही समजून घ्या. चांगल्या कंपन्या एफएल-१ नावाचं प्रमाण पाळतात. त्यात अंतर म्हणजे जिथं उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंतचं, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. १५० मीटरवर माणूस ओळखू येईल असं त्यात कुणी कबूल केलेलं नाही. तासांचंही तेच. सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत घड्याळ चालू धरतात. 'शंभर तास'मधले बरेच तास नुसतं मिणमिणणं असतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला विचारतो, रात्री किती तास काम? सहा तास म्हणाला तर मधल्या उजेडावर सहा तास चालेल असा दिवा देतो. सगळ्यात वरच्या पायरीवरचा आकडा फक्त जाहिरातीचा.

सगळ्यात मोठी फसवणूक सेलमध्ये होते. बहुतेक चार्जिंगच्या दिव्यात १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. एवढ्या डबीत आजच्या घडीला साधारण साडेतीन हजार एमएएच मावतं. तरी बाजारात त्याच मापाच्या सेलवर ९,९०० छापलेलं मिळतं. वाद घालण्यापेक्षा मी शेजारच्या सोनाराकडं जातो. त्याच्या काट्यावर चांगला सेल पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो. एकदा एका गिऱ्हाइकानं आणलेला '९,९००'चा सेल ठेवला तर काटा तिसाच्याही आत थांबला. सोनार हसला, म्हणाला, "ह्यात घट फार." असे सेल उघडले तर आत बारका सेल आणि बाकी भुकटी निघते. तुम्ही मात्र घरी फोडायच्या भानगडीत पडू नका, लिथियम पेटतं. काट्यावर ठेवा, तेवढं पुरे.

आता वापर. याबद्दल दुकानदार बोलत नाहीत आणि खोक्यावरही काही नसतं. दिवा डोळ्यांच्या दोन बोटं वर असतो. उजेड जातो जवळजवळ तिथूनच आपण बघतो, त्यामुळं प्रत्येक वस्तूची सावली तिच्या मागंच लपते. सावली दिसली नाही की खड्डा कुठला आणि ढेकूळ कुठलं ते कळत नाही, सगळं सपाट. गड उतरताना पाय मुरगळतात ते बऱ्याचदा याच कारणानं. खडकाळ उतार आला की दिवा डोक्यावरून काढा आणि कमरेच्या उंचीला हातात धरा. सावल्या पडतात, पायऱ्या उठून दिसतात. सज्जनगडाच्या पायऱ्यांवर पहाटे एकदा असं करून बघा.

धुक्यातही हाच उपाय. जुलै-ऑगस्टमध्ये कासच्या रस्त्यावर किंवा महाबळेश्वरकडं ढग खाली उतरतात तेव्हा कपाळावरचा झोत थेंबांवर आपटून सरळ डोळ्यात परत येतो. लोक घाबरून आणखी जोरात करतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. उजेड कमी करा आणि खाली धरा.

रानात मात्र दिवा डोक्यावरच हवा, पण झोत पायापुढं तीन-चार पावलांवर पाडायचा. आमच्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी जाती आहेत. बत्तीस शिराळ्याच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. मण्यार तर रात्रीचीच फिरते. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: जनावराचे डोळे चमकतात, सापाचे चमकत नाहीत. बिबट्या, कुत्रा, मांजर, गाय, शेळी यांच्या डोळ्यांत मागं आरशासारखा पडदा असतो. तो उजेड आला त्या दिशेलाच परत फेकतो आणि आपला दिवा डोळ्यांजवळ असल्यानं ती चमक आपल्याला दिसते. गवतातल्या कोळ्याचे डोळेसुद्धा हिरव्या टाचणीएवढे लुकलुकतात, दवाचा थेंब वाटतो. सापाच्या डोळ्यात हा पडदा नाही. म्हणून 'लांबून चमकलं नाही, म्हणजे काही नाही' हे गणित बिबट्यापुरतं थोडंफार चालेल, सापाला अजिबात नाही. साप पायाजवळच शोधावा लागतो, गमबूट घालून आणि काठी आपटत.

कराड, पाटण, शिराळा पट्ट्यात बिबटे उसात राहतात, वितात, पिल्लं वाढवतात. डोळे चमकले तर दिव्याचा पाठलाग करायला जाऊ नका आणि वाकून बसूही नका. उभं राहायचं, मोठ्यानं बोलायचं, तोंड तिकडंच ठेवून मागं सरकायचं. वनखात्याची हेल्पलाईन १९२६ आहे, ती मोबाईलमध्ये घालून ठेवा. दिवा बघून बिबट्या पळतो असं मी कुणाला कधी सांगत नाही. लवकर दिसतो, एवढाच दिव्याचा उपयोग.

बऱ्याच दिव्यांत तांबडं बटण असतं आणि पोरांना ते शोभेचं वाटतं. ते फार कामाचं आहे. अंधारात बघणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना तांबडा उजेड जवळजवळ जाणवत नाही, त्यामुळं नकाशा बघून, पाणी पिऊन पुन्हा अंधारात बघितलं तरी तारे दिसतात. तंबूत दुसऱ्याची झोप मोडत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला चिलटं आणि पाखरं पांढऱ्या झोतावर तोंडातच शिरतात, तांबड्यावर फार कमी येतात. काजवे बघायला जाणाऱ्यांनी तर पांढरा दिवा गाडीतच ठेवावा.

ट्रेकवाल्या पोरांना माझं एक जास्तीचं सांगणं असतं. वासोटा रात्रीचा नाही. बामणोलीतून लाँचनं जायचं, वनखात्याची परवानगी काढायची आणि दिवसाउजेडी परत यायचं. ते अभयारण्य आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथं मुक्काम करता येत नाही, कितीही भारी हेडलॅम्प असला तरी. पण दिवा दिवसाच्या ट्रेकलाही बरोबर हवाच. गडावर उशीर ठरवून होत नाही. आणि वाटेत कुणी बोलला की त्याच्या तोंडाकडं बघून उत्तर देऊ नका, झोत सरळ त्याच्या डोळ्यात जातो. पहाटे यवतेश्वरच्या घाटात पळणाऱ्यांनी पुढं दिवा आणि मागं तांबडी लुकलुक लावावी. घाटातल्या गाडीवाल्याला तुम्ही पाठीमागून दिसायला हवं.

पाण्याचं थोडक्यात. आयपीएक्स-४ म्हणजे चारी बाजूंनी शिंतोडे सोसेल. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. पाटात वाकणाऱ्यानं सातच घ्यावा, ट्रेकवाल्याला चार चालतो. दुरुस्तीला माझ्याकडं येणारे बहुतेक दिवे पाण्यानं कमी आणि घामानं जास्त गेलेले असतात. पट्ट्यातलं मीठ आत झिरपतं आणि पत्र्यांवर हिरवा थर चढतो. पट्टा काढून साबणानं धुवा. पेन्सिल सेलचा दिवा महिनाभर लागणार नसेल तर सेल काढून ठेवा. गळलेच तर लिंबाच्या रसात बुडवलेला कापूस फिरवा आणि कोरड्या फडक्यानं पुसा.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा लाईट द्यायचं काम सुरू आहे. ते सगळ्या फीडरवर लवकर पोचावं. माझ्या दुकानातल्या निम्म्या बॅटऱ्या पडून राहिल्या तरी चालतील. तोवर बांधावर जाणाऱ्या प्रत्येकानं एक दिवा डोक्यावर आणि एक बारका खिशात ठेवावा, आणि निघताना दोन्ही पेटवून बघावेत.