मानेचा 'कट्ट' आणि मोबाइलचा कॅमेरा

माझी भाची ऑस्ट्रेलियात कायरोप्रॅक्टिक शिकून आली आणि तिने इथे बेंगळुरूत, जयनगरला छोटं क्लिनिक काढलं. मणके आणि सांधे हातांनी दाबून, हलवून पाठीचं-मानेचं दुखणं कमी करायचं, असं ते शास्त्र. दोन महिने झाले तरी दिवसाला तीन-चारच पेशंट. एके दिवशी म्हणाली, "मामा, तुझे व्हिडिओ लोक बघतात. मलाही शिकव ना." मी फौजेतला माणूस, जाहिरातीतलं मला काय कळतं? पण बसलो.

पहिला व्हिडिओ सगळे करतात तसाच केला. मान माझीच. कॉलरला माइक लावला, तिने मान वळवली, 'कट्ट'. माझ्या कुठल्याही भाषणाला मिळाले नाहीत एवढे प्रेक्षक त्याला चार दिवसांत मिळाले. फोन वाजायला लागले. पण बहुतेकांना दुखणं सांगायचंच नव्हतं, तो आवाज हवा होता.

मग पन्नाशीचे एक गृहस्थ आले, व्हाइटफील्डला आयटीत नोकरी. "मॅडम, कर्नलसाहेबांची मान केलीत तशी माझी कंबर करून द्या." भाचीने आधी विचारपूस केली. मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, आदल्या दिवसापासून लघवी नीट होत नव्हती. तिने हातही लावला नाही. मी गाडी काढली आणि त्यांना थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं. मणक्यातली गादी सरकून खालच्या नसांच्या जुडग्यावर दाब आला होता. त्याच रात्री ऑपरेशन. अशा दुखण्यात तास मोजायचे असतात, आणि ते एक अख्खा दिवस आमच्या अपॉइंटमेंटसाठी घरी थांबले होते. माझा व्हिडिओ बघून.

त्या रात्री तो व्हिडिओ मी काढून टाकला.

हा आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याचा आवाज नव्हे. सांधा ताणला की आतल्या द्रवातला दाब एकदम उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटांच्या सांध्यांचं एमआरआय चित्रण करून ती दाखवली. तेव्हा आवाज आला म्हणून गुण आला, असं समजू नका. उलट मान जोरात फिरवताना, क्वचित का होईना, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. हे त्या व्हिडिओंत कोणी सांगत नाही, मीही सांगितलं नव्हतं.

तसं पाहिलं तर या धंद्याला जाहिरात पहिल्यापासून चिकटलेली आहे. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी एका सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा दावा केला. म्हणजे सुरुवातच पेशंटच्या गोष्टीने! त्यांचे चिरंजीव बी. जे. पामर यांनी १९२२ मध्ये चक्क रेडिओ स्टेशन विकत घेतलं. त्या काळचं सोशल मीडियाच ते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन १९३२ मध्ये तिथेच निवेदक म्हणून लागले.

आणि हीच जाहिरात उलटतेही. ऑस्ट्रेलियात एका कायरोप्रॅक्टरने दोन आठवड्यांच्या बाळावर उपचार करतानाचा व्हिडिओ टाकला. बाळाला पाय धरून उलटं लटकवलेलं. देशभर संताप उसळला आणि २०१९ मध्ये तिथल्या कायरोप्रॅक्टिक बोर्डाने दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यांवर असे उपचार तात्पुरते बंद केले. चूक एकाची, बंधन सगळ्यांवर.

आपल्याकडे कायरोप्रॅक्टरसाठी वेगळी कौन्सिलच नाही. एमबीबीएस डॉक्टरांना २००२ च्या नियमावलीने जाहिरात करून पेशंट ओढायला मनाई केली, पत्ता बदलला किंवा फी किती एवढं कळवायची मुभा ठेवली. भाचीने तीच शिस्त आपणहून घेतली. आता गूगलच्या नकाशावर वेळा, फी आणि पदवीचा फोटो आहे. पेशंटचा चेहरा कुठेच नाही. दर आठवड्याला एक मिनिटाचा व्हिडिओ, कन्नड, हिंदी आणि मराठीत. पहिला होता 'माझ्याकडे कधी येऊ नका': पाय लुळा पडणं, लघवी अडणं, पडल्यावर सुरू झालेली पाठदुखी, दुखण्याबरोबर ताप. मी म्हटलं, अगं, गिऱ्हाईक पळवतेस की काय? प्रेक्षक खरंच थोडे आले. पण आले ते पाठदुखीचेच, आणि रिपोर्ट घेऊन आले.

तीन महिन्यांनी ते गृहस्थ काठी टेकत भेटायला आले. म्हणाले, "मी कॅमेऱ्यासमोर बोलतो ना." भाचीने हात जोडून नको म्हटलं. मग त्यांनी आपल्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळी लिहिल्या: जयनगरला एक मॅडम आहेत, त्यांनी मला हात न लावता परत पाठवलं. त्या आठवड्यात व्हाइटफील्डहून, तेही सिल्क बोर्डचा ट्रॅफिक ओलांडून, सहा जण आले.