पटावरील दाण्यांची संख्या: नाव आणि अवयव

बुद्धिबळाच्या पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे चौसष्टाव्या घरापर्यंत दुपटीने दाणे मागणाऱ्या विद्वानाची कथा तेराव्या शतकात इब्न खल्लिकानने नोंदविली आहे. कथेच्या सत्यासत्यतेची चिकित्सा येथे कर्तव्य नाही. दाण्यांची बेरीज मात्र निश्चित आहे. पासष्टावे घर असते तर त्यात २ चा ६४ वा घात इतके दाणे पडले असते. त्याहून एकाने कमी, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५, ही आपली संख्या होय. अल्-बीरूनीने ती इ. स. १००० च्या सुमारास अचूक काढलेली आढळते.

भाषाभ्यासकास प्रथम कुतूहल वाटते ते तिच्या नावाचे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांच्या संज्ञा आहेत. ही संख्या वीस अंकी असल्याने तिची डावीकडील दोन स्थाने नामहीन राहतात. तरी मराठी अडून बसत नाही. ‘कोटी’वर पुन्हा कोटी चढवून ती म्हणते: एक लक्ष चौऱ्याऐंशी हजार चारशे सदुसष्ट कोटी-कोटी, चव्वेचाळीस लक्ष सात हजार तीनशे सत्तर कोटी, पंच्याण्णव लक्ष एक्कावन्न हजार सहाशे पंधरा. या उच्चारणातून संख्येच्या अंतर्गत घडणीविषयी फारसे काही कळत नाही. शेवटचा अंक ५ आणि अंकांची बेरीज ८७, म्हणून ५ व ३ यांनी भाग जातो, इतकेच.

घडण कळते ती वर्गांच्या वजाबाकीच्या शालेय सूत्राने. ते पुनःपुन्हा लावले असता संख्या अशी उलगडते: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७. यांतील पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. याच क्रमातील पुढील सर्व संख्याही मूळच असाव्यात, असे सतराव्या शतकात फेर्माने मानले होते. (पाच उदाहरणांवरून बोलीचा नियम मांडणाऱ्या आम्हा मंडळींनी त्यास हसू नये.) १७३२ मध्ये ऑयलरने दाखविले की सहावी संख्या ६४१ × ६७००४१७ आहे. तिचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असावा लागतो, हेही पुढे त्यानेच सिद्ध केले. हे एकदा कळले की तपासावयाच्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१; म्हणजे पाचव्याच प्रयत्नात भाग जातो! ६७००४१७ हीही मूळच आहे. एकूण सात भिन्न मूळ अवयव, कोणताही दोनदा न येणारा. म्हणून विभाजक १२८.

आता ढिगावर आणखी एकच दाणा टाकावा. सातही अवयव नाहीसे होऊन केवळ २ हा एकच मूळ अवयव उरतो आणि विभाजक ६५ होतात. मराठी उच्चारणात मात्र ‘पंधरा’च्या जागी ‘सोळा’ येतो. बाकी एकही शब्द हलत नाही.